विलारच्या वहीत इंजिनिअर शोधताना

पॅरिसमध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ‘फ्रेंच १९०९३’ अशी नोंद असलेलं एक हस्तलिखित आहे. चामड्याच्या घडीदार वेष्टनात शिवलेली चर्मपत्राची ३३ पानं. आकार साधारण २४ × १६ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या शाळेच्या वहीएवढा. दोन्ही बाजू धरल्या तर ६६ पृष्ठं आणि त्यांवर सुमारे २५० चित्रं. मधली काही पानं हरवली आहेत. चित्रांच्या आजूबाजूला जुन्या फ्रेंचमध्ये, उत्तर फ्रान्सच्या पिकार वळणाच्या बोलीत, छोटी छोटी टिपणं आहेत. लिहिणारा स्वतःचं नाव सांगतो: विलार द ओनकूर. ओनकूर हे उत्तर फ्रान्समधल्या काँब्रे शहराजवळचं गाव. काळ साधारण १२२० ते १२४०. या वहीबाहेर या माणसाचा एकही पुरावा नाही. एखाद्या चर्चच्या हिशेबात, करारात किंवा थडग्यावर, कुठेही त्याचं नाव सापडलेलं नाही.

वहीत काय आहे? कॅथेड्रलचे मनोरे, खिडक्या, जमिनीचे आराखडे. पाण्यावर चालणारी करवत. जड वजन उचलायचा स्क्रू. कधीच नेम न चुकणारं म्हणून सांगितलेलं धनुष्य. डीकन बायबल वाचू लागला की त्याच्याकडे मान वळवणारा गरुड. हात शेकायला निखारे ठेवायचा गोळा, आतल्या कड्यांमुळे कसाही फिरवला तरी निखारे न सांडणारा. कुस्ती खेळणारे दोघे, फासे टाकणारे जुगारी, येशूचे शिष्य, नागडी माणसं, गोगलगाय, साळिंदर, सिंह. शिवाय जखमेवरच्या औषधाची कृती आणि अंगावरचे केस काढायच्या लेपाची कृती. एकाच माणसाच्या फोनची गॅलरी उघडून बघावी तसा प्रकार आहे.

या वहीविषयी गेली पावणेदोनशे वर्षं युरोपात वाद चालू आहे. वादाचा प्रश्न साधा वाटतो: विलार आर्किटेक्ट होता का? पण त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्ञान कुणाकडे होतं हे आपण कशावरून ठरवतो? कागद उरला त्याच्याकडे, की हात चालले त्याच्याकडे? मी इंजिनिअरिंग शिकलो आणि पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. चित्र एक सांगतंय आणि चालणारी गोष्ट वेगळीच आहे, हा माझ्या कामातला रोजचा अनुभव. त्यामुळे कलेतिहासकारांनी या वहीचं जे वाचन केलं, त्याकडे थोडं वेगळ्या बाजूने बघावंसं वाटलं.

एक वही, चार शीर्षकं

या वहीचा अभ्यास कसा बदलत गेला ते समजून घ्यायला तिच्या छापील आवृत्त्यांची शीर्षकं पुरेशी आहेत.

१९व्या शतकाच्या मध्यावर फ्रान्समध्ये गॉथिक शैलीचं वेड आलं होतं. व्हिक्टर ह्यूगोच्या १८३१च्या कादंबरीने नोत्र दामकडे लोकांचं लक्ष वेधलं. १८४४मध्ये त्या कॅथेड्रलच्या डागडुजीचं काम व्हिओले-ल-द्यूक आणि जाँ-बातिस्त लास्यूस या दोघांकडे आलं. १८४९मध्ये झ्यूल किशरा या विद्वानाने विलारच्या वहीवर लेख लिहिला. मग लास्यूसने तिची प्रतिकृती छापायला घेतली. तो १८५७मध्ये वारला आणि पुस्तक १८५८मध्ये आलं. शीर्षकाचा अर्थ ‘१३व्या शतकातला आर्किटेक्ट विलार द ओनकूर याचा अल्बम’ असा. १८५९मध्ये रॉबर्ट विलिसने इंग्रजी आवृत्ती काढली. तिथे ‘अल्बम’चं ‘स्केचबुक’ झालं, पण ‘आर्किटेक्ट’ कायम राहिला.

जुन्या इमारतींची डागडुजी करणाऱ्या पिढीला मध्ययुगातला एक पूर्वज हवा होता. नाव असलेला, चित्रं काढणारा, प्रवास करणारा, मतं मांडणारा. विलार त्या जागी अगदी बरोबर बसला. त्याने स्वतःला कुठेच आर्किटेक्ट किंवा पाथरवट म्हटलेलं नाही. पदवी त्याला वाचकांनी दिली.

१९३५मध्ये हान्स हानलोझर याने जर्मनमध्ये पहिली खरी चिकित्सक आवृत्ती काढली. त्याने वहीला ‘बाउह्यूटनबुख’ म्हटलं, म्हणजे बांधकामाच्या जागेवरच्या कारागिरांच्या मंडळींची वही. आता ती एका माणसाची डायरी उरली नाही. ती हातोहात पुढे जाणारं, शिकाऊ मुलांना दाखवायचं सामायिक पुस्तक झाली. हानलोझरचं मोठं काम म्हणजे त्याने वहीतले वेगवेगळे हात ओळखले. विलारनंतर निदान दोन माणसांनी तिच्यात भर घातली आहे, हे त्याने दाखवलं.

मग आला कार्ल बार्न्स. या अमेरिकन अभ्यासकाने आयुष्याचा मोठा भाग या ३३ पानांवर घालवला आणि २००९मध्ये रंगीत प्रतिकृतीसह नवी आवृत्ती काढली. त्याने शब्द निवडला ‘पोर्टफोलिओ’, म्हणजे सुटी पानं एकत्र ठेवलेलं दप्तर. या शब्दात कोणताही व्यवसाय गृहीत धरलेला नाही, आणि ते बार्न्सने जाणूनबुजून केलं आहे. त्याचं म्हणणं असं की विलार बांधकामातला जाणकार असल्याचा पुरावा वहीत नाही. इमारतींच्या चित्रांत अशा चुका आहेत की ज्या बांधणाऱ्याने केल्या नसत्या. कदाचित तो काँब्रेच्या चर्चच्या कारभाऱ्यांचा प्रतिनिधी म्हणून फिरणारा माणूस असावा, असाही अंदाज बार्न्सने मांडला.

अल्बम, स्केचबुक, मंडळींची वही, दप्तर. वस्तू तीच आणि ३३ पानंही तीच, पण प्रत्येक नावाबरोबर तिचा मालक बदलतो. लास्यूसचा विलार नायक आहे, हानलोझरचा शिक्षक आणि बार्न्सचा हौशी बघ्या. बार्न्सचं वाचन बाकीच्यांपेक्षा जास्त काटेकोर आहे हे मान्यच. तरी एक गोष्ट खटकते. पहिल्या लोकांनी विलारला परीक्षेत पास केलं, बार्न्सने नापास केलं, पण प्रश्नपत्रिका दोघांची एकच होती: हा आर्किटेक्ट आहे की नाही? ती प्रश्नपत्रिका बाजूला ठेवली तर वहीत काय दिसतं?

करवत चालते का?

करवतीचं चित्र घ्या. पाण्यावर चालणारी आणि ओंडका आपोआप पुढे सरकवणारी करवत युरोपात पहिल्यांदा कागदावर दिसते ती इथे, असं मानलं जातं.

पाण्याचं चाक फिरतं. त्याच्या आसावर खुंट्या आहेत. आस फिरताना त्या खुंट्या करवतीला जोडलेले दांडे खाली दाबतात आणि करवत खाली येते. खुंटी सुटली की वर बांधलेली लवचीक फांदी करवतीला पुन्हा वर खेचते. त्याच आसावर आणखी एक दातेरी चाक आहे. ते ओंडक्याला लागून फिरतं आणि त्याला करवतीच्या तोंडाशी ढकलत राहतं. म्हणजे एकाच शक्तीतून दोन हालचाली निघतात, आणि दोन्ही एकमेकींशी बांधलेल्या आहेत. करवत अडकली तर आस अडकतो, आणि आस अडकला की ओंडकाही थांबतो. कापण्याचा वेग आणि सरकण्याचा वेग वेगवेगळे सांभाळायला माणूस लागत नाही. तंत्रज्ञानाचा इतिहासकार लिन व्हाइट याने या चित्राला फार महत्त्व दिलं ते यासाठीच.

चित्र मात्र बघताना गोंधळ होतो. चाक समोरून दिसतं, ओंडका वरून आणि करवत बाजूने, आणि सगळं एकाच पातळीवर चपटं केलेलं. मापं नाहीत. हे जसंच्या तसं बांधायला घेतलं तर भाग एकमेकांत घुसतील. आधुनिक वाचकाचा निकाल तयार असतो: चित्र चुकीचं, म्हणून माणूस अडाणी.

इथे कालक्रम लक्षात घ्यायला हवा. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात ड्रॉइंग शीटवर आपण समोरून, वरून आणि बाजूने असे तीन देखावे काढतो. त्यामागचं शिस्तबद्ध गणित गास्पार मोंझ या फ्रेंच गणितज्ञाने १८व्या शतकाच्या शेवटी मांडलं. विलार त्याच्या साडेपाचशे वर्षं आधीचा. यंत्र कागदावर कसं दाखवायचं याचा सर्वमान्य करारच तेव्हा झालेला नव्हता. विलारने प्रत्येक भाग ज्या बाजूने ओळखू येतो त्या बाजूने काढला. चाक समोरून ओळखू येतं म्हणून समोरून. व्हाइटबोर्डवर सिस्टिम समजावताना आपण डेटाबेसचा डबा काढतो तेव्हा तो डबा कुठल्या बाजूने दिसतोय असं कुणी विचारत नाही.

मग त्या काळात यंत्राचं पुरेसं वर्णन करणं कुणालाच जमत नव्हतं का? जमत होतं. १२०६च्या सुमारास, म्हणजे विलारच्या थोडं आधी, अल-जझरी याने अरबीमध्ये ५० यंत्रांचं पुस्तक पूर्ण केलं. आजच्या तुर्कस्तानातल्या दियारबाकिरच्या दरबारात तो होता. त्याच्या चित्रांतही दृष्टिकोन असाच चपटा आहे. पण प्रत्येक भागाला अक्षर दिलंय, आणि मजकुरात त्या अक्षराला धरून काय, कशाचं आणि कसं जोडायचं ते सविस्तर सांगितलंय. यंत्र पुन्हा कुणाला तरी बांधता यावं, हा त्या पुस्तकाचा हेतू स्पष्ट आहे.

विलारच्या करवतीखाली एखादी ओळ येते, तीही फक्त ‘अशी करवत करतात’ एवढ्या अर्थाची. दोघांतला फरक अकलेचा म्हणता येत नाही, कारण दोघांचे वाचकच निराळे आहेत. अल-जझरी बांधणाऱ्यासाठी लिहितो. ज्याला लाकूडकाम येतं, पण असं काही शक्य आहे हे ठाऊक नाही, अशा माणसासाठी विलारचं टिपण आहे. तशा सुताराला मापं लागत नाहीत. त्याला कल्पना पुरते.

आपोआप फिरणारं चाक

पाचव्या पानावर वहीतलं सगळ्यांत गाजलेलं चित्र आहे: आपोआप कायम फिरणारं चाक. परिघावर सात हातोडे सुटे टांगलेले. जाणकार लोक अशा चाकावर कितीतरी दिवस वाद घालत आले आहेत आणि विषम संख्येच्या हातोड्यांनी किंवा पाऱ्याने ते करता येतं, अशा आशयाचं टिपण सोबत आहे.

युक्ती अशी की हातोडे सात असल्यामुळे एका बाजूला कायम चार येतील, दुसऱ्या बाजूला तीन, आणि जड बाजू चाकाला ओढत राहील. हे चालणार नाही. जास्त संख्येची बाजू नेहमी जास्त ओढ देत नाही, कारण ओढ वजनाबरोबर आसापासूनच्या अंतरावरही ठरते. पूर्ण फेरीचा हिशेब केला तर हातोडे उतरताना जेवढी ऊर्जा देतात तेवढीच ते चढताना परत घेतात. घर्षण तर वेगळंच.

पण त्या टिपणातला ‘पारा’ हा शब्द आपल्याला थेट महाराष्ट्रात आणतो. भास्कराचार्यांनी ११५०मध्ये लिहिलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या यंत्राध्यायात स्वयंवह यंत्र आहे. हलक्या लाकडाचं चाक, त्याला पोकळ आरे, आरे पाऱ्याने अर्धे भरलेले, आणि चाक आपोआप फिरतं हा दावा. त्याच्याही आधी, ७व्या शतकात, ब्रह्मगुप्ताने पाऱ्याच्या चाकाचं वर्णन केलं होतं. ही कल्पना भारतातून अरबी जगात आणि तिथून युरोपात गेली, असं लिन व्हाइटने मांडलं. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखाबद्दल तुम्ही वाचलं असेल. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ काढला, तो १२०७च्या सुमारास. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १९व्या शतकात तो लेख प्रकाशात आणला. म्हणजे खानदेशातल्या मठात पाऱ्याच्या चाकाचे श्लोक शिकवले जात असतील त्याच्या पुढेमागेच उत्तर फ्रान्समधला एक माणूस तसंच चाक चर्मपत्रावर काढत होता.

इथे आपली छाती फुगते, आणि म्हणूनच इथे सावध राहायला हवं. व्हाइटचा युक्तिवाद साम्यावर उभा आहे. पारा आणि असमतोल चाक दोन्हीकडे आहे, मधल्या काळातल्या अरबी ग्रंथांत तशी चाकं आहेत, म्हणून प्रवासाची वाट आखता येते. ती पटण्यासारखी आहे. पण विलारपर्यंत ती नेमकी कुणाच्या तोंडून पोचली, हे सांगणारा दुवा हातात नाही. शिवाय ‘आमच्याकडून गेलं’ असं म्हणताना जे गेलं ते न चालणारं यंत्र होतं, हेही लक्षात ठेवावं लागतं.

माझ्या मते या चित्रातली मोलाची गोष्ट यंत्राशेजारच्या टिपणात आहे. जाणकार लोक यावर वाद घालतात, असं विलार नोंदवतो. म्हणजे १३व्या शतकात उत्तर फ्रान्समध्ये कुठेतरी कामाच्या जागी लोक थांबून, बाहेरून शक्ती न देता चाक फिरेल का यावर भांडत होते. चर्चच्या हिशेबात असं भांडण कधी लिहिलं जात नाही. दगड किती आले, मजुरी किती दिली, एवढंच लिहिलं जातं. कारागीर काय विचार करत होते याचा हा कण फक्त या वहीत उरला आहे.

सिंह समोर होता का?

विलारचा सिंह आपल्याकडे रोखून बघतो. चेहरा कंपासने काढल्यासारखा गोल, आयाळीचे कुरळे शिस्तीत मांडलेले, डोळे जवळजवळ माणसाचे. शेजारी टिपण आहे की हा सिंह जिवंत बघून काढला आहे. बघणाऱ्याला हसू येतं. कलेतिहासकार ई. एच. गोम्ब्रिखने ‘आर्ट अँड इल्यूजन’ या पुस्तकात याच सिंहाची चर्चा केली आहे. त्याचा मुद्दा असा: विलार खोटं बोलत नाही. सिंह समोर असेलही. पण चित्र काढायचं म्हणजे आधीपासून हातात बसलेल्या साच्यात समोरची गोष्ट बसवायची, असा त्या काळचा अर्थ होता.

हाच मुद्दा इमारतींना लावून बघा. लाँच्या कॅथेड्रलचा मनोरा विलारला प्रचंड आवडला. आपण पुष्कळ देश हिंडलो पण असा मनोरा पाहिला नाही, असं तो सांगतो. मनोऱ्यावरून खाली बघणारे दगडी बैल त्याने काढलेत. ते बैल आजही तिथे आहेत. पण चित्रातला मनोरा आणि खरा मनोरा तंतोतंत जुळत नाहीत. शार्त्र आणि लोझानच्या गोल खिडक्यांचंही तसंच, मूळ खिडकीपेक्षा त्याची खिडकी वेगळी आहे. बार्न्सच्या आरोपपत्रात या फरकांना मोठी जागा आहे.

चूक आणि फरक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नक्कल करणं हाच हेतू असेल तर फरक म्हणजे चूक. एखाद्या खिडकीतून पुढे काय करता येईल हे लक्षात ठेवायचं असेल, तर फरक म्हणजे निवडही असू शकते. नेमकं कुठे काय आहे हे प्रत्येक चित्रात वेगळं ठरवावं लागतं. बार्न्स ते बऱ्याच ठिकाणी ठरवतो, पण निकाल देताना सगळे फरक एकाच खात्यात टाकतो, अशी माझी तक्रार आहे.

ही तक्रार मी ज्या पानांच्या जोरावर करतोय ती रँसच्या कॅथेड्रलची आहेत. रँसचं बांधकाम १२११मध्ये सुरू झालं, म्हणजे विलार तिथे गेला तेव्हा ते चालू होतं. त्याने तिथल्या छोट्या प्रार्थनागृहांची आतली आणि बाहेरची बाजू काढली, भिंतींना बाहेरून टेकू देणाऱ्या कमानी काढल्या, आणि खिडक्या-खांबांच्या दगडांचे आडवे छेदही काढले. त्या छेदांवर खुणा आहेत, कुठला दगड कुठे बसतो ते कळावं म्हणून. नुसत्या बघ्याला दगडाच्या छेदाशी काय करायचं असतं? पर्यटक खिडकीचा फोटो काढतो. दगड कोणत्या साच्याने घडवला हे विचारणाऱ्याचा प्रश्न वेगळा असतो.

आणि सगळ्यांत बोलका पुरावा टिपणात आहे. रँसच्या प्रार्थनागृहांजवळ तो म्हणतो की काँब्रेची प्रार्थनागृहं नीट बांधली तर अशीच होतील. काँब्रेच्या चर्चचा आराखडाही त्याने दिला आहे आणि तिथल्या आतल्या-बाहेरच्या भिंती पुढे दाखवतो असंही सांगितलंय. ती पानं आज वहीत नाहीत. ते कॅथेड्रलही नाही, फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या काळात ते पाडलं गेलं. त्यामुळे ताडून बघता येत नाही. पण एका बांधकामावरून दुसऱ्या बांधकामाकडे माहिती नेणारा कुणीतरी इथे स्पष्ट दिसतो. बार्न्सचा ‘प्रतिनिधी’ हा अंदाज याच्याशी जुळतो. फक्त अशा माणसाला ‘बांधकामातलं न कळणारा’ म्हणणं मला पटत नाही. दोन टीमच्या मधे उभा राहून इकडचं तिकडे समजावणारा माणूस कोड लिहीत नसेल, पण काय विचारायचं हे त्याला कळत असतं.

खोडलेलं पान

वहीत काही पानं अशी आहेत की ती पाहिल्यावर कोणताही इंजिनिअर म्हणेल, हा आपला माणूस. नदी न ओलांडता तिची रुंदी कशी मोजावी, मनोऱ्याची उंची खालून कशी काढावी, चौकोनाचं क्षेत्रफळ अर्धं कसं करावं, अशा छोट्या, नेटक्या, कामाच्या आकृत्या. विलार भूमितीचा जाणकार होता असं सांगणारे अनेकदा याच आकृत्या दाखवत आले.

हानलोझरने दाखवून दिलं की त्या विलारच्या नाहीत. त्याच्यानंतर वही ज्याच्या हाती आली त्याने विलारची काही चित्रं खरवडून काढली आणि त्या जागी या आकृत्या काढल्या. त्या अनामिक माणसाला नुसतं ‘दुसरा मास्टर’ म्हणतात. विलारची स्वतःची भूमिती वेगळी आहे. चेहऱ्यावर चौकोन, घोड्यावर त्रिकोण, माणसावर पाच टोकांचा तारा, अशी. चित्र पटकन काढता यावं म्हणून घेतलेला आधार.

खऱ्या पाथरवटांची भूमिती कशी होती हे लॉन शेल्बी या अभ्यासकाने १९७०च्या दशकात नीट मांडलं. त्यात युक्लिडची सिद्धता नव्हती आणि आकडेमोड जवळजवळ नव्हती. कंपास आणि गुण्या घेऊन एका आकृतीतून दुसरी काढत जायची, पायरी पायरीने. चौकोनात फिरवलेला चौकोन, त्यात आणखी एक. जर्मनीतल्या रेगेन्सबर्गच्या कॅथेड्रलचा प्रमुख माथेस रोरित्सर याने १४८६मध्ये छोटी पुस्तिका छापली. तिच्यात दगडी शिखराच्या आराखड्यातून त्याची उंची कशी काढायची हे एकेक पायरी करून सांगितलंय. गंमत म्हणजे त्याच रेगेन्सबर्गमध्ये १४५९मध्ये जर्मन पाथरवटांनी नियम केला होता की ही कला बाहेरच्या माणसाला शिकवायची नाही.

विलारच्या वहीत ही रीत अशी उलगडून सांगितलेली सापडत नाही. पण ती त्याच्या काळातल्या कोणत्याच वहीत सापडत नाही. हे ज्ञान हातातून हातात जायचं. आराखडे प्लास्टरच्या जमिनीवर पूर्ण मापात कोरले जायचे आणि काम झालं की पुसले जायचे. यॉर्क आणि वेल्स इथे तशा जमिनी उरल्या आहेत. काम करणाऱ्याला ते लिहून ठेवायची गरज नव्हती. ज्याला गरज वाटली तो थोडा बाहेरचा होता.

मग कोण?

माझं मत असं. आर्किटेक्ट म्हणून विलारचा दावा टिकत नाही, आणि या बाबतीत बार्न्सने लास्यूसपासूनची हौस उतरवली हे बरंच झालं. पण त्यामुळे वहीचं मोल कमी होत नाही, उलट ती जास्त दुर्मीळ ठरते. निष्णात पाथरवटाने ही वही लिहिलीच नसती. जे त्याला रोज दिसतं ते त्याला नोंदवण्यासारखं वाटलं नसतं. पूर्ण बाहेरच्याला दगडाचा छेद आणि करवतीच्या खुंट्या दिसल्या नसत्या. मधे उभा असलेला, विचारू शकणारा, थोडं कळणारा आणि सगळं हवंसं वाटणारा माणूसच अशी वही भरू शकतो.

एक गोष्ट मात्र कायम टोचते. रँसच्या कॅथेड्रलच्या फरशीत एक चक्रव्यूह होता. त्यात तिथल्या चार प्रमुखांची नावं कोरलेली होती: जाँ द ओर्बे, जाँ ल लू, गोशे द रँस, बेर्नार द स्वासों. त्यांनी ते उभं केलं. १८व्या शतकात तो चक्रव्यूह उखडला गेला. त्यांनी काढलेलं चित्र नाही, लिहिलेलं पत्र नाही. त्यांच्या हाताखालच्या शेकडो पाथरवटांची, सुतारांची, दगड ओढणाऱ्यांची तर नावंही नाहीत. आणि तिथे जाऊन खिडकी आवडली म्हणून ती वहीत उतरवणाऱ्या विलारवर मात्र चार मोठ्या आवृत्त्या आहेत. त्याचा दोष नाही. आपली यंत्रं वापरणाऱ्यांनी आपल्या आत्म्यासाठी प्रार्थना करावी, एवढीच त्याची वाचकाकडे मागणी आहे. दोष असेल तर उरलेल्या कागदालाच पूर्ण इतिहास समजणाऱ्या आपल्या सवयीचा आहे. आपल्याकडे वेरूळपासून हेमाडपंती देवळांपर्यंत हीच अडचण आहे. राजाचं नाव शिलालेखात, कारागिराचं बहुधा कुठेच नाही.

ही वही राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘गॅलिका’ या संकेतस्थळावर मोफत बघता येते, फोनवरही नीट दिसते. सिंहावर रेंगाळा, पाचव्या पानावरचे हातोडे मोजा. मग शेवटाकडे जाऊन रँसच्या दगडांचे छेद शोधा. ते पान बाकीच्यांपेक्षा रुक्ष आहे आणि चटकन पुढे सरकवावंसं वाटतं. पण नाव नसलेल्या पाथरवटाचं काम या वहीत सगळ्यांत जवळून दिसतं ते तिथे. त्याने दगड घडवला, विलारने फक्त विचारलं आणि उतरवून घेतलं.